एमिल झाटोपेक

एमिल झाटोपेक (१९ सप्टेंबर, १९२२ – २१ नोव्हेंबर, २०००) हे चेकोस्लोव्हाकियाचे लांब पल्ल्याचे धावपटू होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन या तिन्ही शर्यती आठ दिवसांच्या आत जिंकल्या. एकाच ऑलिंपिकमध्ये या तिन्ही शर्यतींची सुवर्णपदके मिळवणारे ते आजवरचे एकमेव धावपटू आहेत. ऑलिंपिक कारकिर्दीत त्यांनी एकूण चार सुवर्णपदके व एक रौप्यपदक मिळवले आणि ५,००० मीटर ते ३० किलोमीटर या पल्ल्यांमध्ये १८ विश्वविक्रम प्रस्थापित केले.

अतिशय कठोर सराव, धावताना वेदनेने पिळवटलेला चेहरा आणि प्रतिस्पर्ध्यांशी असलेला मैत्रभाव यांसाठी झाटोपेक ओळखले जातात. थकवा व वेदना सहन करण्याची क्षमता उपजतच असावी लागते असे नाही, ती सरावाने वाढवता येते, हे त्यांच्या कारकिर्दीतून ठळकपणे दिसून आले. त्यामुळे सहनशक्तीच्या खेळांतील मानसिक तयारीविषयी लिहिताना त्यांचे उदाहरण वारंवार दिले जाते.

प्रारंभिक जीवन

झाटोपेक यांचा जन्म मोराव्हिया प्रांतातील कोप्रझिव्हनित्से या गावी एका सामान्य कुटुंबात झाला. भावंडांत ते सातवे होते. घरची परिस्थिती बेताची असल्याने पुढील शिक्षण घेणे शक्य नव्हते. त्यामुळे किशोरवयातच ते झ्लिन शहरातील बाटा या पादत्राणांच्या कारखान्यात कामाला लागले. कारखान्यातील मुलांना दिवसा काम आणि संध्याकाळी शिक्षण अशी शिस्त होती.

धावण्याची त्यांना सुरुवातीला मुळीच आवड नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कारखान्याने आयोजित केलेल्या एका शर्यतीसाठी क्रीडा शिक्षकांनी काही मुलांची निवड केली, त्यांत झाटोपेक होते. आपली प्रकृती धावण्याजोगी नाही असे सांगून त्यांनी सुटका करून घेण्याचा प्रयत्न केला, परंतु वैद्यकीय तपासणीत ते पूर्णपणे निरोगी ठरले. सुमारे १०० स्पर्धकांच्या त्या शर्यतीत त्यांनी दुसरा क्रमांक पटकावला. अनिच्छेने सुरू झालेली ही शर्यत त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली.

यानंतर ते स्थानिक क्रीडा मंडळात दाखल झाले. तेथे धावपटू यान हालुझा यांनी त्यांना सुरुवातीचे मार्गदर्शन केले. १९४४ पर्यंत झाटोपेक यांनी २,०००, ३,००० आणि ५,००० मीटर शर्यतींचे राष्ट्रीय विक्रम मोडले होते. युद्ध संपल्यावर ते चेकोस्लोव्हाकियाच्या सैन्यात भरती झाले. सैन्यात सरावासाठी अधिक वेळ मिळू लागला आणि त्यांनी सरावाचे प्रमाण झपाट्याने वाढवले.

सरावपद्धती

त्या काळी लांब पल्ल्याचे बहुतेक धावपटू संथ व सलग धावण्यावर भर देत. जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर यांनी आणि स्वीडनमध्ये गोस्टा होल्मर यांनी वेग बदलत धावण्याच्या पद्धती विकसित केल्या होत्या. झाटोपेक यांनी मुख्यतः स्वतःच्या अनुभवातून आणि फिनलंडचे धावपटू पावो नुर्मी यांच्याविषयी मिळालेल्या माहितीतून आपली पद्धत तयार केली. ठरावीक अंतर वेगाने धावायचे, मध्ये थोडे अंतर संथ गतीने धावून दम घ्यायचा आणि पुन्हा वेगाने धावायचे, असा त्यांचा क्रम असे. ही पद्धत आज इंटरव्हल ट्रेनिंग या नावाने जगभर वापरली जाते.

सुरुवातीच्या काळात २०० मीटरच्या पाच, ४०० मीटरच्या वीस आणि पुन्हा २०० मीटरच्या पाच धावा असा त्यांचा एका दिवसाचा सराव असे. दोन धावांच्या दरम्यान सुमारे २०० मीटर ते संथ गतीने धावत. पुढे ही संख्या वाढत गेली. कारकिर्दीच्या शिखरावर असताना ते काही दिवशी ४०० मीटरच्या ४० किंवा त्याहून अधिक धावा पूर्ण करीत.

लांब पल्ल्याच्या धावपटूने इतक्या छोट्या धावा घेण्यात काय अर्थ आहे, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडत असे. त्यामागे झाटोपेक यांचा विचार सरळ होता. संथ कसे धावायचे हे त्यांना आधीच येत होते, त्यांना शिकायचे होते ते वेगाने धावणे. शंभर मीटर वेगाने धावता आले आणि हीच कृती पुन्हा पुन्हा करता आली, तर तीच गोष्ट लांब पल्ल्याची शर्यत होते, असे त्यांचे गणित होते.

हवामान किंवा गैरसोय हे सराव चुकवण्याचे कारण ते मानत नसत. हिवाळ्यात बर्फातून, रात्री विजेरीच्या प्रकाशात, जंगलातील वाटांवर ते सैनिकी बूट घालून धावत. जड बुटांमुळे शर्यतीच्या दिवशी पाय हलके वाटतात, असा त्यांचा अनुभव होता. पहाऱ्यावर असताना ते जागच्या जागी धावत. घरी कपडे धुताना टबात पाणी व कपडे घालून त्यावर पावले मारीत तासन्‌तास धावण्याचा व्यायाम केल्याची हकिकतही प्रसिद्ध आहे.

श्वास रोखण्याचा त्यांचा प्रयोगही असाच सांगितला जातो. कामावर जाण्याच्या रस्त्याच्या कडेला पॉप्लरची झाडे होती. पहिल्या दिवशी चौथ्या झाडापर्यंत श्वास रोखून चालायचे, पुढे पाचव्यापर्यंत, असे करीत ते अंतर वाढवत गेले आणि अखेर एकदा शुद्ध हरपून पडले. आजच्या क्रीडावैद्यकाच्या दृष्टीने हा प्रयोग धोकादायक आहे आणि त्याचे अनुकरण करू नये. मात्र शरीर थांबण्याची सूचना देते तो क्षण आणि शरीर खरोखर थांबते तो क्षण यांत अंतर असते, हे शोधण्याची त्यांची धडपड त्यातून दिसते.

लंडन ऑलिंपिक, १९४८

१९४६ मध्ये ओस्लो येथील युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत ५,००० मीटर शर्यतीत झाटोपेक पाचवे आले. दोन वर्षांनंतर लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांनी १०,००० मीटर शर्यतीत भाग घेतला. या अंतराचा विश्वविक्रम तेव्हा फिनलंडच्या विल्यो हेइनो यांच्या नावावर होता आणि तेच विजयाचे प्रमुख दावेदार मानले जात होते.

शर्यतीच्या दिवशी लंडनमध्ये कडक ऊन होते. झाटोपेक यांनी प्रत्येक फेरी ७१ सेकंदांत पूर्ण करण्याचे ठरवले होते. वेग कमी पडला तर प्रेक्षकांत बसलेल्या प्रशिक्षकांनी रंगीत कपडा हलवून इशारा द्यायचा, असे आधीच ठरले होते. सुरुवातीला ते मागेच राहिले. इशारा मिळताच त्यांनी वेग वाढवला आणि आघाडी घेतली. हेइनो यांनी तो वेग सहन न होऊन शर्यत अर्ध्यावर सोडली. झाटोपेक यांनी २९ मिनिटे ५९.६ सेकंदांत शर्यत जिंकली. दुसऱ्या क्रमांकावरील फ्रान्सचे आलँ मिमून त्यांच्यापेक्षा ४७ सेकंदांहून अधिक मागे होते. चेकोस्लोव्हाकियाचे ॲथलेटिक्समधील हे पहिलेच ऑलिंपिक सुवर्णपदक होते.

तीन दिवसांनी, २ ऑगस्ट रोजी ५,००० मीटरची अंतिम शर्यत पावसात व चिखलात झाली. बेल्जियमचे गॅस्टन रीफ पुढे निघून गेले आणि झाटोपेक बरेच मागे पडले. शेवटच्या फेरीत मात्र त्यांनी अनपेक्षितपणे जोर लावला आणि प्रत्येक पावलागणिक अंतर कमी करीत आणले. प्रेक्षकांच्या गोंगाटाने सावध झालेल्या रीफ यांनी अखेरच्या क्षणी वेग वाढवला व केवळ ०.२ सेकंदाने शर्यत जिंकली. झाटोपेक यांना रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. शर्यतीच्या मध्यात आपण हरलो असे मानून त्यांनी हात सैल सोडला होता, शरीरात मात्र अजून बळ शिल्लक होते, हे या निकालाने दाखवून दिले. चार वर्षांनंतर हेलसिंकीत हाच धडा त्यांच्या कामी आला.

विश्वविक्रमांचा काळ

जून १९४९ मध्ये ओस्ट्राव्हा येथे झाटोपेक यांनी २९ मिनिटे २८.२ सेकंद वेळ नोंदवून १०,००० मीटरचा विश्वविक्रम मोडला. सप्टेंबरमध्ये हेइनो यांनी तो एका सेकंदाने परत मिळवला. पुढच्याच महिन्यात झाटोपेक यांनी २९ मिनिटे २१.२ सेकंद अशी वेळ देऊन तो पुन्हा आपल्या नावावर केला. १९५४ पर्यंत त्यांनी या अंतराचा विश्वविक्रम एकूण पाच वेळा मोडला.

१९५० मध्ये ब्रुसेल्स येथील युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेपूर्वी अन्नविषबाधेमुळे त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले होते. तेथून बाहेर पडल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी १०,००० मीटर शर्यत ६९ सेकंदांच्या आणि ५,००० मीटर शर्यत २३ सेकंदांच्या फरकाने जिंकली. दोन्ही वेळा दुसऱ्या क्रमांकावर मिमून होते.

२९ सप्टेंबर १९५१ रोजी स्टारा बोलेस्लाव्ह येथे त्यांनी एका तासात २०,०५२ मीटर अंतर कापले. एका तासात २० किलोमीटरपेक्षा अधिक धावणारे ते जगातील पहिले धावपटू ठरले. मे १९४८ ते जुलै १९५४ या काळात १०,००० मीटरच्या सलग ३८ शर्यतींत ते अजिंक्य राहिले.

हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२

युंगविर्थ प्रकरण

हेलसिंकीला जाण्यापूर्वीच झाटोपेक यांना एका वेगळ्या परीक्षेला सामोरे जावे लागले. संघातील मध्यम पल्ल्याचे धावपटू स्टानिस्लाव्ह युंगविर्थ यांचे वडील राजकीय कैदी होते. त्या कारणावरून सरकारने युंगविर्थ यांना परदेशी जाण्याची परवानगी नाकारली. युंगविर्थ येणार नसतील तर आपणही जाणार नाही, अशी भूमिका झाटोपेक यांनी घेतली आणि संघाचे विमान त्यांच्याविनाच निघून गेले. १९५० च्या दशकातील चेकोस्लोव्हाकियात सैन्यातील अधिकाऱ्याने असे करणे म्हणजे कारकिर्दीवर आणि स्वातंत्र्यावर पाणी सोडण्याची तयारी ठेवणे होते. काही दिवसांनी सरकारने माघार घेतली व दोघांनाही हेलसिंकीला पाठवले. युंगविर्थ यांनी पुढे १९५७ मध्ये १,५०० मीटरचा विश्वविक्रम केला.

त्या वर्षी झाटोपेक यांना आजारपणानेही ग्रासले होते आणि डॉक्टरांनी त्यांना विश्रांतीचा सल्ला दिला होता. अशा परिस्थितीत ते धावपट्टीवर उतरले.

१०,००० मीटर

२० जुलै रोजी झालेली १०,००० मीटर शर्यत त्यांनी २९ मिनिटे १७.० सेकंदांत जिंकली. समान वेगाने धावत, मध्येच वेग वाढवत त्यांनी एकेका प्रतिस्पर्ध्याला मागे टाकले. मिमून जवळपास १६ सेकंदांनी दुसरे आले.

५,००० मीटर

२४ जुलै रोजी ५,००० मीटरची अंतिम शर्यत झाली. या शर्यतीत झाटोपेक यांच्यापुढे पश्चिम जर्मनीचे हर्बर्ट शाडे, ब्रिटनचे ख्रिस चॅटवे, फ्रान्सचे मिमून आणि लंडनमधील विजेते रीफ असे तगडे प्रतिस्पर्धी होते. रीफ यांनी अखेरच्या टप्प्यापूर्वी शर्यत सोडली. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा झाटोपेक यांनी आघाडी घेण्याचा प्रयत्न केला, परंतु चॅटवे, शाडे आणि मिमून हे तिघेही त्यांना ओलांडून पुढे गेले. निम्मी फेरी शिल्लक असताना ते चौथ्या स्थानी होते आणि पदक हातचे जाण्याची चिन्हे दिसत होती.

शेवटच्या वळणावर त्यांनी बाहेरच्या बाजूने पुन्हा जोर लावला व तिघांनाही मागे टाकले. त्याच वळणावर दमलेल्या चॅटवे यांचा पाय धावपट्टीच्या कडेला लागून ते कोसळले. झाटोपेक यांनी १४ मिनिटे ६.६ सेकंदांत शर्यत जिंकली. त्यांची शेवटची फेरी सुमारे ५८ सेकंदांची होती. मिमून दुसरे आणि शाडे तिसरे आले. लंडनमध्ये मागे पडल्यावर त्यांनी शर्यत गेली असे मानले होते. हेलसिंकीत चौथ्या स्थानावर असतानाही त्यांनी तसे मानले नाही.

त्याच दिवशी थोड्या वेळाने त्यांची पत्नी डाना झाटोपकोव्हा यांनी भालाफेकीत ५०.४७ मीटर अंतर नोंदवून सुवर्णपदक जिंकले. आदल्या दिवशी, २३ जुलै रोजी, याच ऑलिंपिकमध्ये महाराष्ट्राचे कुस्तीगीर खाशाबा जाधव यांनी भारताला कांस्यपदक मिळवून दिले होते.

मॅरेथॉन

दोन सुवर्णपदके मिळाल्यानंतर झाटोपेक यांनी मॅरेथॉनमध्ये उतरण्याचे ठरवले. यापूर्वी ते एकदाही मॅरेथॉन धावले नव्हते. ब्रिटनचे जिम पीटर्स यांनी काही आठवड्यांपूर्वीच २ तास २० मिनिटे ४२ सेकंद अशी तोपर्यंतची जगातील सर्वोत्तम वेळ नोंदवली होती. ज्याला मॅरेथॉनची सर्वाधिक माहिती आहे त्याच्यासोबत राहायचे, एवढीच झाटोपेक यांची योजना होती. २७ जुलै रोजी शर्यत सुरू होण्यापूर्वी त्यांनी पीटर्स यांना शोधून काढले आणि आपली ओळख करून दिली.

पीटर्स यांनी सुरुवातीलाच अतिशय वेगवान गती ठेवली. काही अंतरानंतर झाटोपेक आणि स्वीडनचे गुस्ताफ यान्सन यांनी त्यांना गाठले. त्या वेळी झाटोपेक यांनी पीटर्स यांना ही गती योग्य आहे का, असे विचारले. आपली दमछाक लपवण्यासाठी पीटर्स यांनी गती कमीच असल्याचे सांगितले. झाटोपेक यांनी ते उत्तर खरे मानले आणि वेग वाढवला. हा प्रसंग बहुतेक चरित्रांत सांगितला जातो. झाटोपेक यांनी प्रश्न खरोखर अजाणतेपणी विचारला की प्रतिस्पर्ध्याची स्थिती जोखण्यासाठी, यावर मतभेद आहेत. परिणाम मात्र स्पष्ट होता. पीटर्स मागे पडले आणि पायात गोळे आल्याने सुमारे ३२ किलोमीटरनंतर त्यांनी शर्यत सोडली.

यान्सन यांनाही मागे टाकल्यावर झाटोपेक एकटेच पुढे राहिले. या टप्प्यावर ते रस्त्याकडेच्या प्रेक्षकांशी, पोलिसांशी आणि वाहनातील छायाचित्रकारांशी गप्पा मारत धावत होते. अखेरच्या काही किलोमीटरमध्ये मात्र त्यांचे पाय भरून आले आणि चेहऱ्यावरील वेदना पुन्हा स्पष्ट दिसू लागली. २ तास २३ मिनिटे ३.२ सेकंदांत त्यांनी शर्यत पूर्ण केली. अर्जेंटिनाचे रेनाल्डो गोर्नो अडीच मिनिटांनी दुसरे आले. गोर्नो मैदानात पोहोचेपर्यंत जमैकाच्या रिले संघातील धावपटूंनी झाटोपेक यांना खांद्यावर घेऊन मैदानात फिरवले होते. हेलसिंकीत जिंकलेल्या तिन्ही शर्यतींत त्यांनी नवे ऑलिंपिक विक्रम केले.

मानसिक तयारी आणि तिचे मूल्यमापन

धावताना झाटोपेक यांचे डोके एका बाजूला कललेले असे, चेहरा वेडावाकडा होई, खांदे हलत आणि श्वासाचा आवाज लांबूनही ऐकू येई. शैलीच्या दृष्टीने ते अनेकांना सदोष वाटत. त्यांचे पाय मात्र अतिशय नियमित लयीत पडत. चेहऱ्यावरून त्यांच्या थकव्याचा अंदाज बांधणे प्रतिस्पर्ध्यांना अशक्य होई, कारण पहिल्या फेरीपासूनच ते दमल्यासारखे दिसत.

शर्यतीत ते समान गतीऐवजी मधूनमधून वेगाचे झटके देत. असा झटका बसला की मागच्या धावपटूपुढे पाठलाग करायचा की सोडून द्यायचे असा प्रश्न उभा राही. पाठलाग केला तर दम लागे, सोडून दिले तर मन खचे. झाटोपेक यांना मात्र या चढउतारांची सवय होती, कारण त्यांचा रोजचा सराव म्हणजे अशाच वेगवान व संथ धावांची मालिका होती. शर्यतीत येणारी वेदना त्यांच्यासाठी अनोळखी नव्हती. सरावात ती त्यांनी अनेकदा अनुभवलेली असे आणि ती आल्यानंतरही आणखी काही फेऱ्या धावता येतात, हे त्यांना ठाऊक असे.

सहनशक्तीच्या खेळांविषयीच्या नंतरच्या संशोधनाने या अनुभवाला शास्त्रीय परिभाषा दिली. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी व्यक्तीला जाणवणारे श्रम मोजण्याची श्रेणी तयार केली. प्रत्यक्ष श्रम आणि जाणवणारे श्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही कल्पना तिच्यामुळे रूढ झाली. १९७७ मध्ये विल्यम मॉर्गन व मायकेल पोलॉक यांनी मॅरेथॉन धावपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. अव्वल धावपटू शर्यतीत मन दुसरीकडे वळवण्यापेक्षा श्वास, स्नायू व गती यांकडे लक्ष देतात, असे त्यांना आढळले. दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स यांनी पुढे असे प्रतिपादन केले की शरीराचे नुकसान टाळण्यासाठी मेंदू आधीच थकव्याची जाणीव निर्माण करतो, त्यामुळे थकवा हा शरीराच्या अंतिम मर्यादेचा पुरावा नसतो. हा सिद्धान्त सर्वमान्य नाही, तथापि त्यावरील चर्चेमुळे थकव्याच्या मानसिक बाजूचा अभ्यास वाढला.

झाटोपेक यांना यांपैकी कोणताही सिद्धान्त माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही त्यांच्या वागण्यात काही सूत्रे दिसतात. मोठ्या अंतराचे ते छोट्या तुकड्यांत विभाजन करीत. शर्यतीपेक्षा कठीण परिस्थितीत सराव करून ते शर्यत सोपी करीत. प्रतिस्पर्ध्यांकडे ते शत्रू म्हणून पाहत नसत, धावताना त्यांच्याशी अनेक भाषांत बोलत आणि त्यामुळे स्वतःवरील ताणही हलका होई. त्यांचा बोलका स्वभाव आणि विनोदबुद्धी यांमागे पूर्वतयारीतून आलेला आत्मविश्वास होता.

त्यांच्या पद्धतीवर टीकाही झाली. प्रमाणाबाहेर सरावाने दुखापतींचा धोका वाढतो आणि प्रत्येकाचे शरीर तो भार सहन करू शकत नाही, हे नंतरच्या प्रशिक्षकांनी दाखवून दिले. आज इंटरव्हल पद्धत वापरली जात असली तरी तिची मात्रा धावपटूगणिक ठरवली जाते.

उत्तरार्ध व निवृत्ती

३० मे १९५४ रोजी पॅरिसजवळ झाटोपेक यांनी ५,००० मीटर १३ मिनिटे ५७.२ सेकंदांत धावून स्वीडनच्या गुंडर हेग यांचा जवळपास १२ वर्षे अबाधित राहिलेला विश्वविक्रम मोडला. दोनच दिवसांनी ब्रुसेल्स येथे १०,००० मीटर २८ मिनिटे ५४.२ सेकंदांत पूर्ण करून २९ मिनिटांच्या आत हे अंतर धावणारे ते पहिले धावपटू ठरले. मात्र याच वर्षी जुलैमध्ये हंगेरीच्या यॉझेफ कोव्हाच यांनी १०,००० मीटर शर्यतीत त्यांची विजयमालिका खंडित केली. ऑगस्टमध्ये बर्न येथील युरोपीय स्पर्धेत त्यांनी १०,००० मीटरचे सुवर्णपदक राखले, परंतु ५,००० मीटरमध्ये सोव्हिएत संघाचे व्लादिमीर कुट्स यांच्यापुढे त्यांना कांस्यपदकावर थांबावे लागले.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकपूर्वी पत्नीला खांद्यावर घेऊन सराव करताना त्यांना हर्नियाचा त्रास झाला व शस्त्रक्रिया करावी लागली. डॉक्टरांनी धावण्यास मनाई केली असतानाही काही आठवड्यांतच ते मॅरेथॉनमध्ये उतरले आणि सहावे आले. ही शर्यत मिमून यांनी जिंकली. तीन ऑलिंपिक शर्यतींत झाटोपेक यांच्या मागे दुसरे राहिलेले मिमून अंतिम रेषेपाशी त्यांची वाट पाहत थांबले होते. आपण जिंकल्याचे त्यांनी सांगताच झाटोपेक यांनी त्यांना सलाम केला आणि मिठी मारली. १९५८ च्या सुरुवातीस स्पेनमधील सान सेबास्तियन येथील क्रॉसकंट्री शर्यत जिंकून झाटोपेक यांनी स्पर्धात्मक धावण्याचा निरोप घेतला.

राजकीय जीवन

झाटोपेक हे साम्यवादी पक्षाचे सदस्य होते आणि राजवटीने त्यांच्या लोकप्रियतेचा प्रचारासाठी उपयोग केला. १९५० मध्ये राजकीय नेत्या मिलाडा होराकोव्हा यांना झालेल्या फाशीच्या शिक्षेचे समर्थन करणारे निवेदन त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. त्यांच्या चरित्रातील ही बाजू आजही वादाचा विषय आहे. त्यांचे पहिले मार्गदर्शक हालुझा यांनाही याच राजवटीने तुरुंगात टाकले होते.

१९६८ मध्ये ते सुधारणावाद्यांच्या बाजूने उभे राहिले. सुधारणांची मागणी करणाऱ्या 'दोन हजार शब्द' या जाहीरनाम्यावर त्यांनी स्वाक्षरी केली. ऑगस्टमध्ये वॉर्सा कराराच्या फौजा देशात घुसल्यावर त्यांनी प्रागमधील वेन्सेस्लास चौकात जमलेल्या लोकांसमोर आक्रमणाचा उघड निषेध केला. याची किंमत त्यांना मोजावी लागली. त्यांना पक्षातून काढण्यात आले आणि सैन्यातील पदही गेले. पुढील काही वर्षे त्यांनी भूगर्भ संशोधनासाठी विहिरी खोदणाऱ्या पथकात अंगमेहनतीचे काम केले. या काळात ते घरापासून दूर फिरत्या निवाऱ्यात राहत.

१९७१ मध्ये त्यांनी आपल्या पूर्वीच्या भूमिकेपासून जाहीरपणे माघार घेतली. यामुळे त्यांचे अनेक चाहते व मित्र दुखावले गेले. शर्यतीत वर्षानुवर्षे न डगमगलेला हा धावपटू राजकीय दबावापुढे मात्र अखेर नमला. नंतर त्यांना प्राग येथे परदेशी क्रीडासाहित्याचे वाचन व भाषांतर करण्याचे काम देण्यात आले. साम्यवादी राजवट कोसळल्यानंतर १९९० मध्ये त्यांचे अधिकृत पुनर्वसन करण्यात आले.

व्यक्तिगत जीवन

डाना इंग्रोव्हा आणि झाटोपेक यांची जन्मतारीख एकच होती. दोघांचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ रोजी झाला होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोघेही सहभागी झाले व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचा विवाह झाला. डाना यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्येही रौप्यपदक जिंकले. त्यांचे निधन मार्च २०२० मध्ये झाले. या दांपत्याला अपत्य नव्हते.

१९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाचे धावपटू रॉन क्लार्क झाटोपेक यांच्या भेटीसाठी प्रागला आले होते. क्लार्क यांच्या नावावर अनेक विश्वविक्रम होते, परंतु ऑलिंपिक सुवर्णपदक त्यांना कधीच मिळाले नाही. निरोप देताना झाटोपेक यांनी एक छोटे पुडके त्यांच्या हाती दिले. क्लार्क यांनी नंतर ते उघडले तेव्हा त्यात झाटोपेक यांचे हेलसिंकीतील सुवर्णपदक होते. क्लार्क त्या पदकास पात्र आहेत, अशी झाटोपेक यांची भावना होती.

निधन व वारसा

दीर्घ आजारानंतर २१ नोव्हेंबर २००० रोजी प्राग येथे झाटोपेक यांचे निधन झाले. प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात झालेल्या अंत्यविधीस अनेक देशांतील खेळाडू उपस्थित होते. त्यांचे अवशेष मोराव्हियातील रोझ्नोव्ह पोड राधोश्टेम येथे विसावले आहेत.

२०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाच्या सन्मानदालनात प्रथम समाविष्ट झालेल्या खेळाडूंमध्ये झाटोपेक यांचा समावेश होता. त्यांचे सर्व विक्रम केव्हाच मोडले गेले आहेत. एकाच ऑलिंपिकमधील त्यांच्या तीन विजयांची मात्र आजवर कोणालाही पुनरावृत्ती करता आलेली नाही.

ऑलिंपिकमधील कामगिरी

१९४८, लंडन – १०,००० मीटर – सुवर्ण – २९ मि. ५९.६ से.
१९४८, लंडन – ५,००० मीटर – रौप्य – १४ मि. १७.८ से.
१९५२, हेलसिंकी – १०,००० मीटर – सुवर्ण – २९ मि. १७.० से.
१९५२, हेलसिंकी – ५,००० मीटर – सुवर्ण – १४ मि. ६.६ से.
१९५२, हेलसिंकी – मॅरेथॉन – सुवर्ण – २ ता. २३ मि. ३.२ से.
१९५६, मेलबर्न – मॅरेथॉन – सहावे स्थान